वजा तीन छेद चार

जयपूर, १७ जानेवारी

कौस्तुभ,

वर श्री, खाली चिरंजीव, पुढं अनेक आशीर्वाद, सगळं लिहिलंय असं समज. आत्ता माझं डोकं तापलंय, आणि तापलेल्या डोक्यानं दिलेले आशीर्वाद लागत नाहीत म्हणे.

तू संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी घरी येऊन गेलास. मी शाळेत होते. घरात आप्पा आणि द्वारकाबाई. द्वारकाबाई म्हणजे मी नसताना आप्पांजवळ थांबतात त्या. दूध उतू जाईल म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या, बाहेर आल्या तर तू जिना उतरत होतास. मला म्हणाल्या, "दीदी, नाक बिल्कुल आपकी थी. और रो रहे थे." मी चप्पलसुद्धा काढली नव्हती. तशीच दारात बसले.

मग अभिनवला फोन लावला. तुझा शाळेपासूनचा दोस्त, त्याच्याशिवाय तुझी खबर मला कोण देणार? माझा नंबर तर तू अकरा वर्षांपूर्वीच बंद करून टाकलास, तुझ्या बायकोचा, रमाचाही बंद. अभिनव आधी आढेवेढे घेत होता, मग म्हणाला, "ताई, तो म्हणतो आप्पांनी तोंड फिरवलं. तो दारात उभा होता आणि ते खिडकीकडे बघत बसले. एक शब्द नाही. तो म्हणतो, आता संपलं."

अरे गाढवा! कसलं संपलं?

मी अभिनवकडून तुझा इंदूरचा पत्ता घेतला. निरोप त्याच्याकरवी धाडला नाही, कारण मग तू म्हणशील, ताईनं त्यालाही फोडलं. म्हणून हे पत्र. नीट वाच. तुला मराठी वाचायला वेळ लागतो हे ठाऊक आहे, हिंदीसारखं भराभर वाचू नकोस. अडलास तर रमाला विचार.

नोव्हेंबरात आप्पांना झटका आला. डावा हात, डावा पाय गेला, एवढं अभिनवनं तुला सांगितलं. पण खरी गोष्ट त्याला माहीतच नाही. मलाच ती कळायला महिना गेला. आप्पांची डावी बाजूच गेलीय, कौस्तुभ. डोळे ठणठणीत आहेत, पेपरातलं बारीक अक्षर वाचतात. पण डावीकडेही काही आहे, हे मेंदूला जिथं कळतं, ती जागा गेली. ताटात पोळी वाढली तर उजवी अर्धी खातात आणि ओरडतात, "अर्धीच का वाढलीस? रेशनिंग लागलंय काय?" ताट फिरवलं की उरलेली अर्धी दिसते, मग तीही खातात, आणि मी ती आत्ता आणून ठेवली असं समजतात. दाढी उजव्या गालाची करतात. मान कायम उजवीकडे वळलेली. आणि आपल्याला डावीकडचं दिसत नाही, हेच त्यांना पटत नाही. डॉक्टर म्हणाले, हाही त्या आजाराचाच भाग.

आता खोली डोळ्यांपुढं आण. आप्पांचा पलंग पूर्वीच्याच जागी आहे. खिडकी उजव्या हाताला, दार डाव्या. तू दारात उभा होतास. आणि मला पक्कं ठाऊक आहे कसा उभा होतास. हात मागं बांधून, 'ये' म्हणायची वाट बघत! आपल्या घराची ती फौजी शिस्त. आप्पांच्या खोलीच्या उंबऱ्यावर थांबायचं, त्यांनी 'ये' म्हटल्याशिवाय आत पाऊल नाही, तोंडातून शब्द नाही. आईसुद्धा चहा घेऊन थांबायची. तू चाळिशीला आलास, केस पिकले असतील, तरी थांबलास. नुसतं "आप्पा" म्हणाला असतास तर मान वळली असती रे. आवाज ऐकू येतो त्यांना.

तुझा विश्वास बसणार नाही, म्हणून पुरावा देते. फिजिओवाल्या मुलीनं सांगितलं, यांच्याकडून कागदावर काहीतरी करून घ्या, फुलं काढू द्या. आप्पांनी पेन्सिल फेकली. "सुभेदार आहे मी, बालवाडीत नाही." मग मी माझ्या सातवीच्या मुलांची गणितं आणली. ती मात्र चटकन घेतली. जन्मभर जवानांना प्रमोशनच्या परीक्षेसाठी हेच तर शिकवलं त्यांनी. पहिलंच उदाहरण होतं, −३/४ + ५/६. आप्पांनी तोंडी लसावि काढला, बारा. नऊ आणि दहा. आणि लिहिलं १९/१२. छेद बरोबर, नऊ आणि दहाही बरोबर, उत्तर साफ चूक. मला वाटलं, बुद्धी गेली. मग मी त्याच कागदावर खाली लिहिलं, ५/६ + (−३/४). तीच बेरीज, नुसती उलटी. दहातून नऊ गेले, १/१२. बिनचूक!

कळलं का? पहिल्या उदाहरणात वजाची खूण अगदी डाव्या टोकाला होती. ती त्यांना दिसलीच नाही. दुसऱ्यात तीच खूण उजवीकडे आली, तर दिसली.

तू त्या दिवशी डाव्या टोकाला उभा होतास. आता उजवीकडून ये, खिडकीच्या बाजूला खुर्ची घेऊन बस. बेरजेत जागा बदलली म्हणून काही बिघडत नाही, एवढं तर तुलाही येतं. पण लवकर ये. डॉक्टर म्हणतात, अशा माणसाला दुसरा झटका कधीही येऊ शकतो, आणि दुसऱ्यातून सहसा कुणी उठत नाही. तुझ्याकडे बघून आप्पांनी तोंड फिरवलं, हे मनात घेऊन तू जगावंस आणि तू आला होतास हे न कळताच त्यांनी जावं, हे मी होऊ देणार नाही.

ताई


जयपूर, २ फेब्रुवारी

कौस्तुभ,

पत्र तुला मिळालं. स्पीड पोस्टच्या साइटवर 'डिलिवर्ड' लिहून आलंय. म्हणजे तू वाचलंस आणि ढिम्म बसलास.

ठीक आहे. तू का बसलास ते मला कळत नाही असं नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही लगेच उठले नसते. अकरा वर्षांपूर्वीचा तो दिवस मी पाहिलाय ना. गोपालपुऱ्यातलं तुझं फ्लेक्सचं दुकान नुकतं बंद पडलं होतं. क्लासवाल्यांचे ते टॉपर पोरांच्या फोटोंचे बोर्ड तू रात्रंदिवस छापलेस आणि भागीदारानं तुझ्या तोंडाला पानं पुसली. रमाचे आईवडील कोल्हापूरहून भेटायला आले होते. मी पुऱ्या तळत होते. आणि आप्पा बैठकीत त्यांना हसत हसत सांगतात, "याला भागीदारी कळणार कशी? हा आमचा दोन बटे पाच!" आणि मग ती पूर्ण गोष्ट, तिखटमीठ लावून.

ती गोष्ट रमाला तरी नीट माहीत आहे का? नसेल तर हे तिला वाचून दाखव, म्हणजे तिला कळेल की मीही विसरले नाही. कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरचं अंगण होतं. आप्पा आपल्याला अपूर्णांक चालून शिकवायचे, जवानांना शिकवायचे तसे. अधिक म्हणजे पुढं, वजा म्हणजे 'पीछे मुड' आणि चालायला लाग. एका फरशीचं अर्धं पाऊल आणि तिसऱ्या हिश्श्याचं पाऊल एकात एक मोजता येत नाही. आधी खडूनं फरशीचे सहा सारखे भाग करा, मग मोजा. हा लसावि. मला लगेच जमलं. तू सात-आठ वर्षांचा, खडूनं भाग पाडणं तुला जमेना, तर तू पाटीवर सरळ १/२ + १/३ = २/५ लिहून मोकळा झालास. वर वर, खाली खाली. आप्पा हसून हसून लाल. "अर्ध्यात भर घातली आणि अर्ध्याहून कमी झालं! वा रे फौजी!" त्या दिवसापासून तू दोन बटे पाच. शेजाऱ्यांपुढं दोन बटे पाच, मेसमध्ये दोन बटे पाच, दहावीच्या निकालाच्या दिवशीसुद्धा. ते लाडानं म्हणायचे असं ते आजही शपथेवर सांगतील. पण लाड कसला? तुझा चेहरा उतरायचा. आई एकदा म्हणाली होती, "पोराला नावानं हाक मारा की हो." आप्पांनी ते हसण्यावारी नेलं.

त्या संध्याकाळी तू रमाच्या वडिलांच्या ताटात पुरी वाढलीस, हात धुतलेस, आणि दुसऱ्या दिवशी बॅगा भरल्यास. आप्पांना वाटलं, आठवड्यात येईल. त्यांना अजून कळलेलं नाही की एका शब्दासाठी माणूस घर कसा सोडतो.

असो. तुला एक सांगायचं राहिलंय. तू आला होतास हे मी आप्पांना सांगितलं नव्हतं. पण द्वारकाबाईंच्या पोटात काही राहतं का? काल त्यांना भरवता भरवता बोलून गेल्या, "सूबेदार साहब, आपके बेटे आए थे, आपने बात भी नहीं की." आप्पा असे भडकले की वाटी उडाली. "मेरा बेटा दरवाज़े पर खड़ा हो और मुझे दिखे नहीं? अंधा हूँ मैं?" मी आल्यावर माझ्यावर घसरले. "पोरी, मला खुळ्यात काढता का तुम्ही? आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून खोटं सांगायचं, हे कुणी शिकवलं तुला?" मी म्हटलं, "खोटं नाही आप्पा, खरंच आला होता." तर म्हणाले, "आला असता तर मी 'ये' म्हटलं नसतं का?"

मग उजवीकडे तोंड करून पडून राहिले. जेवले नाहीत.

तर असं आहे. तू म्हणतोस त्यांनी तोंड फिरवलं. ते म्हणतात तू आलाच नाहीस. आणि मी मधे. दोघांचं खरं आहे हे एकट्या मला माहीत. मला फार एकटं वाटतं रे. एक फोन तरी कर.

ताई


जयपूर, ११ फेब्रुवारी

कौस्तुभ,

आज मी राग राग करणार नाही. आज जे झालं ते जसंच्या तसं सांगते.

रविवार होता. आप्पांना ऊन लागावं म्हणून खुर्चीत बसवलं, पुढं टेबल. डॉक्टरांचं ते ऐकत नाहीत, माझं ऐकत नाहीत. म्हटलं, गणिताचं तरी ऐकतात का बघू. आधी कागद त्यांच्यापुढं ठेवलाच नाही, नुसतं तोंडी विचारलं, "आप्पा, वजा तीन छेद चार अधिक पाच छेद सहा?" डोळे मिटून म्हणाले, "वजा नऊ, अधिक दहा, खाली बारा. एक बटा बारा. सोपं घालू नकोस." मी म्हटलं, शाब्बास. मग तेच गणित कागदावर लिहिलं, मोठ्या अक्षरात, आणि पुढं ठेवलं. त्यांनी लिहिलं १९/१२.

मी म्हटलं, "आप्पा, हे तेच गणित आहे."

"तेच कसं? यात वजा कुठाय?"

"आहे."

"प्रज्ञा, चेष्टा नको. तीन बटे चार लिहिलंयस तू. त्याच्या आधी काही नाही."

मी त्यांच्या पेन्सिलीच्या टोकाशी बोट ठेवलं आणि म्हटलं, बोटाबरोबर या. बोट डावीकडं न्यायला लागले. त्यांची मान हळूहळू वळली. घाम आला त्यांना. इतक्या कष्टानं वळले, जणू कुणी मानेला धरून ठेवलंय. आणि मग ती रेघ दिसली. ते बघत राहिले. मी बोट काढलं, मान परत उजवीकडं गेली. म्हणाले, "गेली." मी परत बोट लावलं. "आली." परत काढलं. असं ते माझ्याकडून कितीतरी वेळा करून घेत राहिले, आपण लहानपणी दिव्याचं बटण चालू-बंद करायचो तसं. शेवटी त्यांनी माझा हात धरला.

"ही रेघ इथंच होती?"

"इथंच होती."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ, आप्पा."

गणितावर त्यांचा विश्वास आहे, कौस्तुभ. एका गणिताची दोन उत्तरं येत नाहीत, हे त्यांनी हजारो जवानांना सांगितलंय. १९/१२ च्या खाली मी त्यांचं तोंडी उत्तर, १/१२, लिहून ठेवलं. ते कितीतरी वेळ दोन्हीकडे बघत होते. खाली रस्त्यावर तिळाची गजक विकणारा ओरडत गेला, वरच्या गच्चीवर कुणी तरी गाणी लावली होती, आणि मला वाटलं, हे सगळं आता बंद व्हावं.

मग ते म्हणाले, "म्हणजे पोरगा आला होता."

मी म्हटलं, "हो."

"दारात उभा होता."

"हो."

"किती वेळ?"

मी म्हटलं, मला माहीत नाही, मी शाळेत होते. खरंच माहीत नाही. ते रडले, कौस्तुभ. आई गेली तेव्हा रडले नव्हते, तुला आठवतंय, सगळ्यांना खुर्च्या देत फिरत होते. आज तोंड वाकडं करून लहान पोरासारखे रडले. डाव्या डोळ्यातलं पाणी गालावरून खाली येत होतं आणि ते त्यांना कळतही नव्हतं, मीच पदरानं पुसलं.

रात्री जेवताना मला म्हणाले, "त्याला वाटलं असेल, बापानं ओळख दाखवली नाही." मी होकार दिला. खोटं कशाला बोलायचं? आणि मग म्हणाले, "त्याचंही काय चुकलं? मी आधी कधी दाखवली होती?"

हे वाक्य मी बदललेलं नाही. आता येशील का?

ताई


जयपूर, १ मार्च

प्रिय कौस्तुभ,

तुझं पत्र आलं! शाळेतून आले तर द्वारकाबाई ते हातात नाचवत जिन्यातच उभ्या. मराठी किती मोडकं लिहितोस रे, 'मैं' चं 'मी' करायला लाज वाटते का? पण मी ते इतक्यांदा वाचलं की आता पाठ झालंय. 'होळीनंतर येतो, ताई. परत एकदा त्या दारात उभं राहायची भीती वाटते. मनाची तयारी होऊ दे.' होऊ दे बाबा. पण फार वेळ लावू नकोस. मनाची तयारी काय, लग्नाची आहे?

मी आप्पांना पत्र वाचून दाखवलं. तू 'सांगू नकोस' लिहिलं होतंस, पण मला धीर धरवेना. त्यांनी ते ऐकलं. मग म्हणाले, "पलंग फिरव."

मी बघतच राहिले. बघ ना, मी एवढी शिकलेली, गेले तीन महिने तुला, डॉक्टरांना, फिजिओवालीला सगळ्यांना डावं-उजवं समजावतेय, आणि हे साधं मला सुचलं नाही. पलंगाची उशाची बाजू पायथ्याला केली की दार उजव्या हाताला! खालच्या दुकानातली दोन माणसं आणली आणि पलंग फिरवला. आता आप्पा दिवसभर दाराकडे बघत असतात. दूधवाला आला, ये. वरची नीलिमा वहिनी आली, या. मांजर आलं तरी, ये. द्वारकाबाई म्हणतात, सूबेदार साहब तो दरबान बन गए. घरात ते कुणाला दारात थांबूच देत नाहीत हल्ली.

आणि गणितं चालूच आहेत. फिजिओवालीनं कागदाच्या डाव्या कडेला जाड लाल रेघ मारायला सांगितली. लाल रेघ दिसल्याशिवाय वाचायला सुरुवात करायची नाही. आप्पांनी त्याचा परेडचा हुकूमच करून टाकला, स्वतःलाच ओरडतात, "बाएँ देख!" मग मान वळवतात, घामाघूम होतात, आणि वजाची खूण सापडली की पेन्सिल आपटतात. काल −२/३ + (−१/४) घातलं. दोन वजा, त्यातला एक कडेचा. बाएँ देख, बाएँ देख, असं करत −११/१२ काढलं. दोन्ही वजा धरून! मला म्हणाले, "आता त्याला माझ्या तोंडावर परीक्षा घेऊ दे."

"कसली परीक्षा आप्पा?"

"ते त्याचं नि माझं."

मी खोदून खोदून विचारलं. त्याला काय सांगणार आहात? माफी मागणार का? ते नाव परत घेणार नाही ना? ते म्हणाले, "प्रज्ञा, तू मोठी आहेस म्हणून सगळ्यांच्या भांड्यात चमचा घालायचा नाही. मी पाठ करून ठेवलंय. तो समोर बसल्यावर बोलेन. तुला काय करायचंय?"

खरंच पाठ करतात. दुपारी डोळे मिटून ओठ हलवत पडलेले असतात. मी जवळ गेले की थांबतात. मला थोडा हेवा वाटतो तुझा, खरं सांगते. मी इतकी वर्षं त्यांच्याजवळ आहे, माझ्यासाठी त्यांनी कधी काही पाठ केलं नाही.

होळीनंतर म्हणजे कधी ते लिहून कळव. किंवा आता नंबर दिलाच आहेस, तर मीच फोन करते. रमाला घेऊन ये. पुऱ्या करणार नाही, घाबरू नकोस.

तुझी ताई


जयपूर, ३० मार्च

प्रिय कौस्तुभ,

तू काल गाडीत बसताना मला विचारलंस, आणि मी "पाणी घेतलंस का" म्हणून विषय बदलला. तेरावा होईपर्यंत तू विचारायचं टाळलंस, मी सांगायचं टाळलं. आता तुझ्या समोर बसून बोलणं मला जमणार नाही. म्हणून परत पत्रच.

आप्पांना होळीच्या आदल्या दिवशीच ताप होता. गिळताना पाणी चुकून फुप्फुसात गेलं असेल, डॉक्टर म्हणाले. दवाखान्यात न्यायला हवं होतं. मी म्हटलंही. पण त्यांनी हट्ट धरला, "होळीनंतर पोरगं येतंय, मी घरीच पाहिजे." आणि मी ऐकलं. तू मला याबद्दल काही बोलला नाहीस, पण मी स्वतःला रोज बोलते.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ताप चढला. मी शाळेत गेले नव्हते. द्वारकाबाईंच्या घरी पाहुणे होते, त्याही नव्हत्या. मी आप्पांच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते. अचानक ते दाराकडं बघून म्हणाले, "ये. आत ये."

मी वळून बघितलं. दारात कुणी नव्हतं.

"ये की रे, बस. प्रज्ञा, त्याला खुर्ची दे. या बाजूला दे, या बाजूला, नाहीतर मला दिसणार नाही."

कौस्तुभ, त्यांचा चेहरा तू बघायला हवा होतास. इतका उजळलेला. मला त्यांना सांगवेना की कुणी नाही. तापात माणूस असं बोलतं, हे मला कळत होतं. मी खुर्ची उचलली आणि पलंगाच्या उजव्या बाजूला ठेवली. ते त्या खुर्चीकडं बघत होते आणि बोलायला तोंड उघडणार, इतक्यात थांबले. माझ्याकडं बघितलं. हळूच मान हलवली, बाहेर जा म्हणून.

आणि मी गेले.

मला काय झालं होतं कुणास ठाऊक. ते तुझं नि त्यांचं होतं, त्यांनी मला बजावलं होतं, म्हणून गेले. बापलेक बोलणार, मधे आपण कशाला, असं म्हणून गेले. खोलीत कुणीही नव्हतं रे! एक रिकामी खुर्ची होती, आणि मी शहाण्यासारखं दार ओढून घेतलं, स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले, गॅसवर चहा ठेवला. दोन कप ठेवला.

आतून आवाज येत होता. बराच वेळ येत होता. आधी अडखळत, मग नीट. मधे एकदा हसले. एकदा आवाज चढला, तुला लहानपणी गणित समजावताना चढायचा तसा. मग अगदी हळू झाला. मी दाराशी गेले होते, कान लावावा असं फार वाटलं. पण नाही लावला. मला वाटलं, दोन दिवसांत तू येणारच आहेस, मग हे सगळं परत म्हणतील.

नंतर मी आत गेले तेव्हा ते झोपले होते. रात्री श्वास लागला, ॲम्ब्युलन्स बोलावली, पहाटे तुला फोन केला. तू गाडीत होतास तेव्हा ते गेले.

तू काल विचारलंस, "ताई, शेवटी माझ्याबद्दल काही बोलले का?"

बोलले, कौस्तुभ. खूप बोलले. पाठ करून ठेवलेलं सगळं बोलले असतील. पण मी बाहेर होते. मी ऐकलं नाही.

ताई